उतारासाठी पहिली सायकल: पैसे कुठे घालावेत?

जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारात सायकलच्या दुकानासमोर उभं राहिलं, की सर्वांत पुढे मांडलेली सायकल बहुधा एकाच घाटणीची दिसते. जाड टायर, पुढे-मागे डिस्क, सीटखाली लाल किंवा पिवळी ठसठशीत स्प्रिंग. 'डबल शॉकअप, डबल डिस्क, एकवीस गिअर' हा मंत्र दुकानदाराच्या तोंडी तयारच असतो आणि किंमत दहा-बारा हजारांच्या घरात बसते. मोबाइलवर अमेरिकेतल्या युटाचे कडे उतरणारे स्वार पाहून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं? सायकल दिसते तर अगदी तशीच. सोनं कसाला लावल्याशिवाय न घेणारं जळगाव सायकल मात्र रंगावर घेतं, आणि फसगत इथेच सुरू होते. डोंगर उतरण्यासाठी खान्देशात जी सर्वांत जास्त खपते, तीच सायकल त्या कामाला सर्वांत नालायक आहे.

या खेळाची सुरुवात भंगारातल्या सायकलींवर झाली. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी एका कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे 400 मीटर उतार. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, एका गिअरच्या, जाड टायरच्या आणि पायडल उलटं मारलं की ब्रेक लागणाऱ्या. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या रस्त्याला 'रिपॅक' हे नाव पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तिथलीच. माउंटन बाइकचा धंदा त्यांच्या खटपटीतून उभा राहिला. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिल हा तिचा स्वतंत्र प्रकार होता. रिपॅकच्या त्या पहिल्या सायकलींना शॉकअप नावालाही नव्हता, आणि त्यांची पहिली अडचण निघाली ती ब्रेकची.

आजची खरी डाउनहिल सायकल हे वेगळंच प्रकरण आहे. पुढचा चिमटा मोटरसायकलसारखा वर-खाली दोन क्लॅम्पनी धरलेला, तो जवळजवळ 200 मिलिमीटर दबतो. मागचं चाकही तितकंच खाली-वर होतं. हँडलची नळी बरीच मागे कललेली असते, जमिनीशी 63 अंशांच्या आसपास. वजन पंधरा-सोळा किलो, किंमत काही लाख. युरोप-अमेरिकेतल्या बाइक पार्कमध्ये ती चालवणारा माणूस डोंगर चढतच नाही. दोरवाटेच्या पाळण्यात बसून वर जातो आणि खाली उतरतो. आपल्या देशातही या खेळाच्या मोठ्या स्पर्धा होतात. ऑक्टोबर 2023 मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, तिच्यात डाउनहिल होतंच. पण सातपुड्याला पाळणा नाही. धुळ्याजवळच्या लळिंगच्या टेकडीवरून उतरायचं तर आधी चढायचं, आणि तेही स्वतःच्या पायांनी. अशा ठिकाणी जेमतेम चढणारी लाखाची सायकल पहिल्या खरेदीत घेणं म्हणजे शेत घेण्याआधी मळणी यंत्र घेणं झालं.

खान्देशची जमीन मात्र या खेळाला अनुकूल आहे, हे मान्य करायला हवं. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर, आणि उत्तरेला सातपुडा एकदम उभा. तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यातच होतं, आणि धुळेकर अजूनही त्याला आपलंच समजतात. दक्षिणेला चाळीसगावच्या मागे अजिंठ्याची रांग, पाटणादेवीचं खोरं. धुळ्याच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्याला लागून लळिंगचा किल्ला. सगळा प्रदेश बेसॉल्टचा. त्यामुळे पायवाटेवर सुटा मुरूम, मुठीएवढे धारदार दगड, मधूनच पायऱ्यांसारखे खडक आणि खाली उतरलं की काळी माती. पावसाळ्यात ही माती टायरला अशी चिकटते, की चाक चिमट्यात अडकून फिरायचंच थांबतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी साडेआठनंतर डोंगरात सायकल घेऊन असणं यात शहाणपण नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. रावेर तालुक्यातलं पाल यावल अभयारण्यात येतं आणि पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो सायकललाही लागू आहे. ठरलेल्या रस्त्याखेरीज आत शिरायचं तर वन खात्याची परवानगी लागते. चाळीसगावजवळचा कन्नडचा घाट सायकलच्या चाकाला मोह पाडतो खरा, पण तो राष्ट्रीय महामार्ग आहे. वाहनांची वर्दळ असते, आणि 31 ऑगस्ट 2021 च्या पावसात तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. नवशिक्याने शिकावं ते गावाजवळच्या टेकड्यांवर, गाडीवाटांवर आणि शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावर.

आता सायकलकडे. उतारावर सर्वांत आधी काय हरतं? ब्रेक. याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो धरू. 200 मीटर उंची उतरताना त्या वजनातली जवळपास 157 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सावकाश उतरणाऱ्याची ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तेवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला येतं. म्हणजे लळिंगसारखी एखादी टेकडी ब्रेक दाबत उतरली, तर रिमवर किंवा डिस्कवर चार कप चहाचं आधण चढलं असं समजायचं. रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकची इथे दमछाक होते. वायरने ओढला जाणारा डिस्क ब्रेक थांबवतो, पण बोटांत गोळे येईपर्यंत आवळावा लागतो, आणि उतारावर हाताची बोटं थकली की संपलं. तेलाच्या दाबावर चालणारा, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो. शिमानो कंपनीचा एमटी 200 हा या प्रकारातला अगदी खालच्या पायरीचा ब्रेक, पण पहिल्या सायकलसाठी तो पुरेसा आहे. बजेट ओढाताणीचं असेल तर गिअर कमी चालतील, रंग कोणताही चालेल, हायड्रॉलिक ब्रेकवर मात्र तडजोड नको.

त्यातही एक स्थानिक धोका आहे. शिमानोच्या आणि टेक्ट्रोच्या या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये असतं ते डॉट प्रकारचं तेल. ब्रेक सैल वाटला म्हणून कुणी ओळखीतला मेकॅनिक प्रेमाने डॉट भरून देतो आणि आतली रबरी सीलं फुगून ब्रेक कायमचा जातो. तेलाची छोटी बाटली आणि भरायचा संच सायकलसोबतच मागवून ठेवावा.

दुसरा मुद्दा चिमट्याचा, कारण सगळी दिखाऊपणाची मेख तिथेच आहे. स्वस्त शॉकअप म्हणजे नळीत एक स्प्रिंग आणि थोडं ग्रीस. स्प्रिंग दबते आणि तितक्याच जोरात उसळते. तिचा उसळा आवरणारी तेलाची व्यवस्था आत नसते. मुरमाच्या उतारावर अशी सायकल बेडकासारखी उड्या मारते आणि नेमकं वळणावर पुढचं चाक हवेत असतं. याच तर्काने सीटखालची ती पिवळी स्प्रिंगही बघावी. मागच्या सांध्यात बेअरिंग नसून बुशच असतं, ते महिनाभरात खुळखुळतं. सायकलचं वजन अठरा-वीस किलोवर जातं, चढताना प्रत्येक पायडलला निम्मा जोर स्प्रिंग खाते आणि उतरताना ती उलट ढकलते. पैसे दहा-बारा हजारच असतील, तर मागे-पुढे कुठेच शॉकअप नसलेली, साध्या भक्कम चिमट्याची सायकल घेऊन टायर जाड टाकावेत. कागदावर हा सल्ला मागासलेला वाटेल, पण रिपॅकच्या मंडळींनी हेच केलं होतं.

सनटूर या कंपनीचे चिमटे आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या सायकलींना लागलेले असतात आणि त्यांची उतरंड पाठ करून ठेवण्यासारखी आहे. एक्ससीटी खालच्या पायरीवर, मग एक्ससीएम, त्यावर एक्ससीआर. आतल्या चकचकीत नळ्यांची जाडीही ढोबळमानाने त्याच क्रमाने वाढते. एक्ससीआरमधली नळी बहुधा 32 मिलिमीटरची आणि त्याच्या वरच्या आवृत्त्यांत उसळा कमी-जास्त करायचा स्क्रू येतो. 100 ते 120 मिलिमीटर दबणारा असा एकच चांगला चिमटा पुढे आणि मागचा भाग घट्ट, ज्याला हार्डटेल म्हणतात, ही खान्देशातल्या पहिल्या उतारस्वाराची सायकल. ती चढते, दुरुस्तीला सोपी पडते, आणि मागे स्प्रिंग नसल्याने स्वाराला ओळ निवडायला शिकवते.

चिमट्यापेक्षाही कमी लोक बघतात ती जागा म्हणजे मागचा हब. स्वस्त सायकलीत सात चकत्यांचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत दूर राहतात आणि अॅक्सलचा बराच तुकडा आधाराविना बाहेर येतो. खडकाच्या पायरीवरून दोन-चारदा धपकन उतरलं की अॅक्सल वाकतो, मग मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे बाहेरच्या टोकाला असतात, म्हणून तो टिकतो. दुकानात विचारायला हा एकच प्रश्न पुरे: 'मागे फ्रीव्हील आहे का कॅसेट?' आठ किंवा नऊ गिअरच्या कॅसेटची सायकल एकवीस गिअरच्या फ्रीव्हीलवालीपेक्षा कधीही सरस. रिम दुहेरी भिंतीची हवी, तारा 32 किंवा 36.

सायकलच्या फ्रेमवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत एक छोटं चिन्ह असतं, 1 ते 5 आकड्यांचं. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने ठरवलेले हे वापराचे वर्ग आहेत. 2 म्हणजे कच्चा रस्ता आणि 15 सेंटिमीटरपर्यंतची उडी. 3 म्हणजे डोंगरवाट, 61 सेंटिमीटरपर्यंत. 4 मध्ये 122 सेंटिमीटर, आणि 5 हा खऱ्या डाउनहिलचा वर्ग. नामांकित कंपन्यांच्या परवडणाऱ्या हार्डटेल बहुतेक वर्ग 3 मध्ये येतात. बहुतेक खरेदीदार हे पान उघडतही नाहीत, आणि फ्रेमला तडा गेल्यावर हमी मागायला जातात तेव्हा कंपनी तेच पान समोर ठेवते. वर्ग 3 च्या सायकलवर लळिंगची वाट उतरता येते. घराच्या ओट्यावरून रस्त्यावर झेप घेण्याचे व्हिडिओ तिच्यावर करायचे नाहीत. दहा-बारा हजारांच्या कित्येक सायकलींवर तर असं चिन्हच नसतं, आणि तेवढं कळलं तरी निर्णय व्हायला पुरेसं आहे.

बाजारात नावं पुष्कळ आहेत. 1949 मध्ये सुरू झालेली टीआय, 1956 ची लुधियानाची हिरो, 2005 ची फायरफॉक्स, जी 2015 मध्ये हिरोनेच विकत घेतली. डिकॅथलॉनची रॉकरायडर, बाहेरच्या ट्रेक, जायंट, स्कॉट, मरीन. नावावर भांडण्यात अर्थ नाही, कारण एकाच कंपनीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ढोबळमानाने पंधरा ते पंचवीस हजारांत चांगली अॅल्युमिनियम फ्रेम आणि वायरचे डिस्क ब्रेक मिळतात. तीस ते पंचेचाळीस हजारांच्या पट्ट्यात हायड्रॉलिक ब्रेक, कॅसेट आणि बरा चिमटा एकत्र येतात, आणि पहिल्या खरेदीची खरी जागा हीच. त्याच्या वर गेलं की हवेचा चिमटा, जाड अॅक्सल, बटण दाबलं की खाली जाणारी सीट अशा गोष्टी येतात. त्या हव्याशा असतात, पण पहिल्या वर्षी नसल्या तरी काम अडत नाही.

एक मराठी मुलखातलं उदाहरण या चर्चेत आवर्जून यायला हवं. पुण्याच्या सायनाइड या छोट्या कंपनीने 'फ्युरान' नावाची हार्डटेल बाजारात आणली. तिच्यामागे प्रवीण प्रभाकरन आणि विनय मेनन हे स्वतः उतारावर आणि उड्यांवर सायकल चालवणारे स्वार होते. स्वाराने काढलेल्या आणि विक्री विभागाने काढलेल्या सायकलीत फरक कुठे पडतो हे त्यातून दिसतं. लक्ष फ्रेमच्या मजबुतीवर आणि बांध्यावर, भपक्यावर नाही. लांब फ्रेम, आखूड स्टेम, रुंद हँडल, थोडी मागे कललेली हँडलची नळी. या चार गोष्टींना वजन नसतं, त्यांना वेगळे पैसेही पडत नाहीत, पण तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाणार की नाही हे त्याच ठरवतात. कुठल्याही कंपनीची सायकल बघताना हँडलच्या नळीचा कागदावरचा कोन विचारावा. 70 अंशांपेक्षा 67 अंश उतारासाठी बरा.

जुनी सायकल घ्यावी का? घ्यावी, पण डोळसपणे. पुण्या-मुंबईत हौसेने घेतलेल्या आणि वर्षभर बाल्कनीत धूळ खात पडलेल्या उत्तम हार्डटेल निम्म्या किमतीत निघतात. रेल्वेने भुसावळला किंवा ट्रॅव्हल्सने धुळ्याला आणणं अवघड नाही. बघायची जागा एकच मुख्य: हँडलची नळी आणि खालचा तिरपा पाइप जिथे जोडलेत त्या वेल्डिंगच्या खाली. तिथे रंगात केसाएवढी रेघ दिसली तर सायकल फुकट मिळाली तरी नको. चिमट्याच्या चकचकीत नळीवर नख फिरवावं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे आणि तिथून तेल गळणार. मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळत नसेल तर चोरीचा माल गळ्यात पडतो.

टायरचा विषय खान्देशात वेगळाच आहे. पुस्तकातले सल्ले ओल्या, पानगळीच्या जंगलांसाठी लिहिलेले असतात. इथे वेडी बाभूळ आणि सराटे. सराट्याचा तिकोना काटा कसाही पडला तरी एक टोक वर ठेवतो, आणि शेतवाटेने दोन किलोमीटर गेलं तर एका चाकात पाच-सहा निघतात. ट्यूब काढून टायरमध्ये सीलंटचं पांढरं द्रव भरणं, म्हणजे ट्यूबलेस, हा इथे खर्च वाचवणारा उपाय आहे. बारीक भोक ते स्वतःच बुजवतं. मात्र एप्रिल-मेच्या उष्णतेत ते लवकर सुकतं, तेव्हा उन्हाळ्यात अधूनमधून टायर उघडून पाहावा. ट्यूबलेस झेपत नसेल तर निदान ट्यूबमध्ये तरी सीलंट भरावं आणि पंप कायम सोबत ठेवावा. टायर 2.2 इंचांच्या वर रुंद, हवा रस्त्यापेक्षा बरीच कमी.

हेल्मेटचे पैसे सायकलच्या किमतीतूनच बाजूला काढावेत. चाळीस हजारांचं बजेट असेल तर सायकल तीस-बत्तिसाची, उरलेलं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे यांसाठी. साधं सायकल हेल्मेट ईएन 1078 या युरोपीय मानकाचं असतं. हनुवटी झाकणाऱ्या डाउनहिल हेल्मेटचं मानक वेगळं, एएसटीएम एफ 1952. मोटरसायकलचं हेल्मेट घरात पडलंय म्हणून ते घालून डोंगर चढणारे दिसतात. खान्देशच्या उन्हात ते डोकं उकडवतं आणि चढावर अर्ध्या तासात काढून हँडलला लटकवलं जातं, मग पडायच्या वेळी ते हँडललाच असतं.

दुरुस्तीचं काय, हा प्रश्न मोठ्या शहरात कुणी विचारत नाही, जळगाव-धुळ्यात तो पहिला. आनंदाची गोष्ट अशी, की रिमचा आउट काढणारे, तार बदलणारे, छर्रे धुऊन ग्रीस भरणारे जुने मिस्त्री अजून दोन्ही शहरांत आहेत, आणि चाकाच्या बाबतीत त्यांचा हात अनेक शोरूमच्या पोरांपेक्षा तयार असतो. त्यांना झेपत नाही ते तेलाचे ब्रेक आणि हवेचे चिमटे. म्हणून अगदी नव्या, विचित्र मापाच्या भागांची सायकल टाळावी. ज्याचे ब्रेक पॅड, चेन आणि गिअर हँगर कुरिअरने दोन दिवसांत येतील, तीच घ्यावी. गिअर हँगर हा मागच्या गिअरला धरणारा मऊ धातूचा तुकडा पडल्यावर मुद्दाम वाकावा असाच बनवलेला असतो, त्याचा एक जादा नग पहिल्या दिवशीच विकत घेऊन ठेवावा.

दुकानात सायकल हातात आली की पाच मिनिटं पुरतात. पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल पुढे-मागे ढकलायची. हँडलच्या नळीपाशी अंगठा ठेवला तर खुट्ट असं लागता कामा नये. मग छातीचा भार टाकून चिमटा दाबायचा आणि एकदम सोडायचा. तो टणकन वर आला तर आत फक्त स्प्रिंग आहे, अंमळ सावकाश आला तर तेल आहे. चाक उचलून फिरवायचं आणि डिस्क पॅडला घासते का ते कान देऊन ऐकायचं. फ्रेमचा आडवा पाइप मधे घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहता आलं पाहिजे, वर चार बोटांची जागा सुटायला हवी. वाढत्या वयाच्या पोराला 'पुढे बसेल' म्हणून मोठी फ्रेम घेणं हे उतारावर धोक्याचं, कारण तीव्र जागी सीटच्या मागे सरकता येत नाही.

आणि पक्कं बिल घ्यावं, त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्यावा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलात जुनाच दर लावलेला दिसला तर तिथेच विचारावं.